ओट्यावरची गोधडी

मीना,

तू नदीवर गेलीस म्हणून लिहून ठेवतोय.

काल दुपारी ओट्यावरच्या तुमच्या हसण्यानं झोप मोडली आणि मी आतून ओरडलो, "गोधडी शिवायला तुमच्या घरी जागा नाय का?" बाहेर आलो तर तुमच्यात लहानीमावशी बसलेली. मागच्याच आठवड्यात तिचं घर जळालेलं; पण गोधडी तिच्यासाठीच चाललीय, हे मला काय ठाऊक! ती सुई गोधडीला टोचून उठली. रात्रभर कारखान्यात माझ्या डोळ्यांपुढं तेच होतं.

सकाळी पाळी सुटल्यावर आधी ती राहते त्या शाळेच्या पडवीत गेलो. माफी मागायच्या आधी तीच म्हणाली, "पंढरी, दमून आलास, च्या घे." मी कप खाली ठेवला. कसंबसं म्हणालो, "मावशी, चुकलो. आज सगळ्या जणी या."

"येऊ रे. पण तुझी झोप?"

ओटा झाडून सतरंजी टाकलीय. मी शेजारच्या जैतूच्या शेतावरच्या खोपीत झोपायला जातोय. मी घरात असलो तर तुमी सगळ्या कुजबुजत बसाल, ते मला नको.

पंढरी