कंपनीच्या मूळ अवस्थेत

चि. ठिणगी,

अनेक आशीर्वाद. (सध्या तू ते घेतेस की नाही मला ठाऊक नाही, पण ते दिलेले आहेत, आणि मोठ्या बहिणीने दिलेली वस्तू परत करायची आपल्या घरात पद्धत नाही.) टाके कसे आहेत? ताप येतो का? जेवण जातं का, की नुसतं पातळ चाललंय? चहा हल्ली मेहुणे करतात असं कळलं, तो पिण्याजोगा असतो का? शाळेत सिस्टरांनी आपल्याला शिकवलं होतं की पत्रात आधी समोरच्याच्या प्रकृतीची चौकशी करावी, मग आपली हकिकत सांगावी, आणि काही मागायचं असेल तर ते अगदी शेवटी. पहिला भाग झाला. मागायचं काही नाही. उरली हकिकत, आणि ती माझ्या बाजूने फारशी शोभेची नाही, म्हणून जरा लांबण लावते.

दोन वर्षांपूर्वी तू माझा फोन ‘जरा साफ करून देते’ म्हणून एका दुपारी घेऊन गेलीस. मी दिला. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं हातात सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेल्या बाईला फोन साफ करता येत असणार, असा माझा साधा समज. (वडिलांचा रेडिओ उघडून तू अख्ख्या घरातले दिवे घालवलेस आणि त्यांनी तुला हे नाव ठेवलं, हे तेव्हा आठवायला हवं होतं.) फोन परत आला तो चकचकीत. फक्त चालू करताना काळ्या पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं उमटायची. मी विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, “काही नाही ताई, नमस्कार म्हणतोय तो. बटण दाब, पुढे जाईल.” ठिणगी, मी दोन वर्षं त्या नमस्काराला मान हलवून उत्तर दिलं! आणि तू एकच ताकीद दिली होतीस, की अपडेटची सूचना आली तर हात लावायचा नाही, आधी मला सांगायचं. मी हो म्हटलं. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांना ताकीद दिल्यामुळे मला मिळालेली ताकीद माझ्या डोक्यात फार काळ टिकत नाही.

गेल्या महिन्यात रोज सकाळी सूचना यायला लागली: ‘अधिकृत अपडेट उपलब्ध आहे.’ आता ‘अधिकृत’ या शब्दाने माझं काय होतं ते तुला माहीत आहे. वजनमाप खात्यात आयुष्य गेलेलं. शिशाचं सील, त्यावर खात्याचा ठसा, आणि तो जागेवर असेल तरच काटा खरा. सील तुटलेला काटा बरोबर तोलतोय की चूक हे मी कधी बघायच्याही फंदात पडले नाही. सील तुटलंय ना, मग उचला. मी सूचनेवर बोट ठेवलं. फोन निम्म्यापर्यंत गेला आणि म्हणाला, ‘अपडेट करता आला नाही.’ कारण नाही, क्षमा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. सात दिवस सात वेळा. माझ्या हाताखालच्या एकाही कारकुनाने मला सलग सात दिवस नाही म्हटलेलं नव्हतं. आठव्या दिवशी मी निवृत्तीच्या वेळी मिळालेलं भिंग काढलं (भिंतीवरचं घड्याळ देणार होते, मी भिंग मागून घेतलं) आणि फोन बंद करून पुन्हा चालू केला. त्या नमस्कारात काय लिहिलं होतं माहीत आहे? तुला माहीतच आहे म्हणा. ‘या फोनचे कुलूप उघडण्यात आले आहे. त्याच्या सचोटीची खात्री देता येत नाही.’

सचोटीची! माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या चष्म्याच्या घराशेजारी! भर बाजारात मी वाण्याचा काटा उलटा करून तळाला चिकटवलेला मेणाचा गोळा लोकांना दाखवला आहे, आणि दोन वर्षं मी स्वतः तसलंच उपकरण कानाला लावून हिंडत होते. आणि सील तोडणारी कोण, तर सख्खी बहीण. तुला फोन करून विचारायला हवं होतं. पण आरोपीला आधी कळवून मी कधी तपासणीला गेलेले नाही. पर्स उचलली आणि थेट कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र गाठलं.

तिथे काचेचा लांब काउंटर, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात क्रमांकाची चिठ्ठी आणि समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ. त्याने फोन उघडला, भुवई वर केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मॅडम, हा रूट केलेला आहे, कंपनीचं कुलूप तोडून आत फेरफार केलेत. कोणी केलं हे?” मी म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीने. “वय काय त्यांचं?” म्हटलं, चौसष्ट. तो हसला. ठिणगी, त्या क्षणी मी तुझ्यावर भडकलेली होते, तरी त्याचं हसणं मला सहन झालं नाही. त्याला सुनावलं की तू जन्माला आला नव्हतास तेव्हा ती वादळात खांबावर चढून तारा जोडत होती. (तू खांबावर कधी चढली नाहीस, मला ठाऊक आहे. पण त्याचं हसू थांबणं जरुरीचं होतं.) मग मी म्हटलं, याला कंपनीच्या मूळ अवस्थेत आणा आणि तो अधिकृत अपडेट घाला. तो म्हणाला की फोटो, निरोप सगळं पुसलं जाईल. म्हटलं, जाऊ दे. मग तो मान खाली घालून, कीबोर्डकडे बघत आणखी काहीतरी बोलला. बरंच बोलला. मी मान डोलावली. त्याने कागद पुढे केला, मी सही केली. न वाचता सही करणाऱ्या माणसांना मी एकतीस वर्षं फैलावर घेतलं, आणि स्वतः न ऐकता सही करून मोकळी झाले.

फोन घरी आणला. चालू केला तर काळा पडदा नाही, नमस्कार नाही, थेट कंपनीचं चिन्ह. मला इतका आनंद झाला की त्याच भरात तुला निरोप धाडला: ‘फोन मूळ अवस्थेत आणला आहे. यापुढे माझ्या वस्तूंना हात लावू नये.’ खाली नाव नाही, आशीर्वाद नाहीत. ते खात्याचं नोटिशीचं वळण आहे. तेवढ्या दोन ओळी लिहिताना मी किती खूश होते, ते आता आठवलं की फोन सोडून स्वतःचं बोट मूळ अवस्थेत आणावंसं वाटतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं जग पुटपुटायला लागलं. वाचनालयातली बाई पुटपुटली, निवृत्तांच्या संघाचा चिटणीस पुटपुटला. मी प्रत्येकाला सांगितलं, तोंडातल्या तोंडात बोलू नका. हे कळायला माझा एक सिद्धांत सांगायला हवा. मला गेली दोन वर्षं वाटत होतं की माणसं समोरासमोर पुटपुटतात, फोनवर मात्र नीट बोलतात. हा मी माणसांचा स्वभाव धरून चालले होते. समोर माणूस असला की धीर होत नाही, असं काहीतरी. या विषयावर मी संघाच्या बैठकीत दहा मिनिटं बोलले आणि टाळ्या पडल्या. (निदान हात तरी हलताना दिसले.) अपडेटनंतर माणसं फोनवरही तशीच बोलायला लागली. मी सेवा केंद्राला फोन करून तक्रार नोंदवली की तुमच्या अपडेटमुळे लोकांचं बोलणं बिघडलं आहे. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. सभ्य असावं.

मग एका मंगळवारी तुझा फोन आला. आता खरं लिहायची वेळ आली, तर पेन अडतंय. तुझा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. तू बोलत होतीस, मध्ये थांबत होतीस, पुन्हा बोलत होतीस. मला एक अक्षर कळलं नाही. ‘ऐकू येत नाही’ म्हणायला दोन सेकंद लागले असते. पण तेवढं म्हणण्याचं माझ्याकडून कधी होत नाही, आणि समोरचा थांबला की आपण काय म्हणायचं याची मला चांगली सवय झालेली आहे. मी म्हटलं, “हो, हो. छान! मग कळव.” आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मेहुणे आले. तू त्यांना जाऊ नका म्हणून बजावलं होतंस म्हणे, म्हणून आले. ते सोफ्यावर बसले नाहीत. यंत्रमागाच्या खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या इमारतीत ऐकू जातं, त्यामुळे त्यांचं मला पहिल्यापासून सगळं कळतं. (मी त्यांना स्पष्टवक्ते समजत होते.) ते म्हणाले, “ताई, एकच विचारतो. तिने तुम्हाला सांगितलं, शुक्रवारी पित्ताशय काढणार आहेत, मला भीती वाटतेय, तू शेजारी येऊन बसशील का. आणि तुम्ही छान म्हणालात?”

मी उभीच होते, ती खाली बसले. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. शुक्रवारी आत नेईपर्यंत तू दाराकडे बघत होतीस. ‘फोनवरून रागावलीये, पण येईल ती’ असं म्हणत होतीस. मी त्या वेळी घरी बसून भिंगाने फोनची नवी चिन्हं तपासत होते. आणि मी सीलचा विषय काढल्यावर मेहुणे म्हणाले की तुम्हाला कमी ऐकू येतं हे तिला केव्हापासून माहीत आहे, पण तुमच्या तोंडावर बोलायची तिची छाती नव्हती. म्हणून तिने फोन उघडला. कंपनीने आवाजाला जी शेवटची हद्द घातलेली असते, ती काढली, आणि बारीक आवाज वर उचलला. आठवडाभर रोज फोन घेऊन त्यांना जिन्याखाली उभं करायचीस आणि वरून विचारायचीस, आता? आता? त्या काचेच्या काउंटरवर मान खाली घालून तो गृहस्थ मला तेच सांगत असणार, की आवाजाची वेगळी जुळणी केलेली आहे, ती जाईल, चालेल का. आणि मी मान डोलावली.

म्हणजे बघ. तुटक्या सीलचा काटा दोन वर्षं मला पुरेपूर माप घालत होता, आणि अधिकृत सीलचा काटा मापात मारतोय. एकतीस वर्षांत असे किती काटे मी नुसतं सील बघून उचलून नेले असतील, याचा विचार सध्या मी करत नाही. तुझा एकच काटा पुरेसा आहे. मेहुणे जाताना आणखी एक गोष्ट बोलून गेले. आपण कुठेही गेलो तरी तू माझ्या उजव्या हाताला येऊन बसतेस. मला वाटायचं तुला खिडकी लागते. दोनदा मी तुला त्यावरून बोललेही आहे.

गुरुवारी मी तुझ्या दाराशी आले होते. बेल दाबली. वाजली की नाही कळलं नाही. पुन्हा दाबली. आतून तू ‘कोण?’ म्हणाली असशील तर तेही मला कळलं नाही, आणि म्हणाली नसशील तर तो तुझा हक्क आहे. पायपुसण्याकडे बघत पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. म्हणून हे पत्र. यात मला सगळं स्वतःचंच ऐकू येतं, ही एक सोय आहे.

मेहुण्यांना नमस्कार. टाके ओले करू नकोस. चूक माझी आहे, हे वाक्य मी खात्याच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही. ते इथे लिहिलं आहे, सांभाळून ठेव.

तुझी,
ताई

ता. क. मला कमी ऐकू येतं हे मी मान्य केलेलं नाही, ते कानाच्या डॉक्टरीणबाईंनी केलं आहे. त्यांनी मला काचेच्या कपाटात बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी अंदाजाने ठराविक वेळाने दाबत राहिले. त्या म्हणाल्या की यंत्र बंद केल्यावरही बटण दाबणारा रुग्ण त्यांनी पहिल्यांदाच बघितला. निकाल असा, की उजवा निम्मा आहे, आणि डावा चष्म्याची काडी अडकवण्यापुरता.

ता. क. २. पत्रासोबत फोन पाठवते आहे. सील तोड. काळ्या पडद्यावर सचोटीबद्दल त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी मान हलवीन.

ता. क. ३. मागायचं काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. कानात घालायचं यंत्र काल मिळालं. ते घालून रविवारी चार वाजता मी तुझ्या दाराशी येते. राग असला तरी दार उघड, हवं तर आतून बोलू नकोस. फोन तुझ्याकडे येणार म्हणून यंत्र जोडायला संघाचं एक टॅब्लेट आणलं आहे, त्यावर आज सकाळी सूचना आली: ‘तुमच्या श्रवणयंत्रासाठी अधिकृत अपडेट उपलब्ध आहे.’ मी त्याला हात लावलेला नाही. तू बघ, तू म्हणशील तसं. आणि आता खरं तर कुठल्याही बाजूला बसलीस तरी चालेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण तू आपली उजवीकडेच बस.