ओडानिसच्या बदल्यात

५ जुलै, मंगळवार

हरले! सातव्या डावापर्यंत पुढे होते, तरी हरले. मी रेडिओ बंद केला. बायको म्हणाली, बर्निस, "बंद करून निकाल बदलतो का?" नाही बदलत. पण ऐकवत नाही.

पाळीपाळीनं चेंडू फेकायला बेसबॉलच्या संघाला पाच चांगले पिचर लागतात. आमच्या स्टीमर्सकडे धड तिघेच. चौथ्याचा खांदा गेला. पाचवा चेंडू फेकत नाही, पंगतीत वाढतो — घ्या, आणखी घ्या! हे असं पहिल्या नंबरापासून दोन सामने मागे असताना! बाहेरून एक पिचर आणायलाच हवा. ३१ जुलैला संघासंघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचं दार बंद होतं, मग आहे त्यावर भागवायचं. म्हणजे हरायचं.

स्टीमर्स शेवटचे अजिंक्य झाले तेव्हा मी ओतकामाच्या कारखान्यात नवा होतो. आठवी सोडून लागलेला. भट्टीच्या आवाजात रेडिओ ऐकू येईना, तर एकजण दारात उभा राहून ओरडून सांगत होता. त्यानंतर नाही. माझ्या छातीत सकाळपासून धडधडतंय. पित्त असेल.

६ जुलै

पित्तच होतं.

८ जुलै, शुक्रवार

डायनरमध्ये कॉफीला गेलो. फ्लॉइड आणि मर्ल आधीच भांडत होते. फ्लॉइड म्हणजे निवृत्त न्हावी, अख्ख्या गावाच्या माना त्याच्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे त्याला वाटतं सगळ्यांनी अजूनही त्याच्यापुढे मान खाली घालावी. मर्लनं जन्मभर शाळेची बस चालवली.

रेडिओवर म्हणे एक नाव आलंय — वॉरन टेग. पश्चिमेकडच्या संघाचा. त्यांचं या वर्षी काही खरं नाही, म्हणून विकायला काढलाय.

"आणा!" फ्लॉइड टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "काय मागतील ते द्या आणि आणा!"

"पस्तिशी उलटलीय त्याची," मर्ल म्हणाला. "जुनी बस आहे ती. सपाटीवर पळेल. चढावर काय करेल कोण जाणे."

"तुला बसच्या पलीकडे काही कळतं का रे?"

"चढ कळतो."

मग माझ्याकडे वळले. एल्डन, तू सांग. मी म्हटलं, द्या काय लागेल ते. आपल्याकडे दिवस किती उरलेत? फ्लॉइड म्हणाला, "तुझे उरले नसतील. मी शंभर काढणार आहे."

११ जुलै, सोमवार

त्यांनी ओडानिस मागितलाय!!

सकाळी दाढी करताना ऐकलं. टेगच्या बदल्यात पश्चिमेवाल्यांना छोट्या संघातला तरुण पिचर हवा — ओडानिस पेगेरो. आमचा ओडानिस. या घडीला वरच्या खोलीत पालथा झोपलेला.

गावचा छोटा संघ हा स्टीमर्सचाच. तिथे पोरं तयार होतात. पोरांना राहायला जागा नसते, म्हणून गावातली घरं उन्हाळाभर एकेकाला ठेवून घेतात. आमच्या वरच्या खोलीत आजवर बरेच राहून गेले. काहींची नावंही आठवत नाहीत. एकजण नुसता मक्याच्या लाह्यांवर जगला. पण हा सलग दुसऱ्या वर्षी आला. डोमिनिकन रिपब्लिकमधून. विशीतला. पहिल्या वर्षी त्याला आमची भाषा येत नव्हती, बर्निसला त्याची. ती भांडं दाखवायची, तो मान हलवायचा. आता ती न्याहारीला भात आणि घेवडा रांधते, तो तिला ममी म्हणतो, मला आजोबा. जड पाणी मऊ करायच्या यंत्राच्या मिठाची पोती तळघरात नेताना मला हात लावू देत नाही.

बर्निसला सांगितलं. ती अंडी फेटतच राहिली. म्हणाली, "रेडिओवाले रोज काहीतरी बोलतात." मग म्हणाली, "तूच म्हणत होतास ना, पिचर पाहिजे म्हणून?"

१२ जुलै

पोराला अजून कळलं नसावं. मी बोललो नाही. तो दिसला की पेपर घडी करून मांडीखाली.

१३ जुलै, बुधवार

कळलंय त्याला. सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

डायनरमध्ये आज मी शिरलो तसे सगळे वळून बघायला लागले. मोठा माणूस झालो मी! "काय एल्डन, काय खबर? पोरगा बॅग भरतोय का?" मी म्हटलं, मला काय माहीत. कुणाला खरं वाटेना.

फ्लॉइड म्हणाला, "राग मानू नकोस. पण ज्यानं अजून मोठ्या संघात एक चेंडू फेकला नाही, तो पोरगा देऊन टेग मिळत असेल, तर मी त्याच्यावर पोतंभर चेंडूही देईन. वर माझी जुनी खुर्ची."

"आणि हा तिकडे जाऊन चमकला म्हणजे?" मर्ल म्हणाला. "टेग दहा सामने फेकेल आणि हिवाळ्यात करार संपला की टाटा. आपल्या हातात काय? तुझी खुर्चीसुद्धा नाही."

"दहा सामने! अरे, तेवढेच हवेत!"

"पोरगं वीस वर्षांचं आहे, फ्लॉइड. वीस वर्षं फेकेल."

"मी वीस वर्षं नाही थांबणार!"

"परवा तर शंभर काढणार होतास."

सगळे हसले. मला हसू येईना. दोघांचंही बरोबर आहे. हेच तर मला छळतंय! पोरगा माझ्या घरात नसता, तर मी फ्लॉइडच्या बाजूला उभा राहून त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो असतो. नसता तर.

१४ जुलै

झोप नाही. उगाच दोनदा तळघरातला दिवा बघून आलो.

१७ जुलै, रविवार

दुपारी पोर्चवर डॉमिनो खेळत होतो. पाऊस नाही, हवा नाही, मका नुसता उभा. ओडानिस एकदम म्हणाला, "आजोबा, तुमचे दोस्त काय म्हणतात? देणार मला?"

मी म्हटलं, अरे, त्यांचं काय ऐकतोस. रिकामटेकडे.

"टेग मोठा आहे," तो म्हणाला. "मी लहान असताना भिंतीवर त्याचा फोटो होता. आता त्याच्या जागी मी! मला देतात आणि तो मिळतो. म्हणजे आजोबा, मी केवढा झालो?" दोन्ही हात पसरून दाखवलं. हसत होता.

मी म्हटलं, पण तिकडे लांब आहे. घर नाही, ओळख नाही.

तर म्हणतो, इथे माझ्यापुढे चारजण रांगेत आहेत. तिकडे कुणी नाही. तिकडे गेलो तर सप्टेंबरात मोठ्या मैदानावर. आईला टीव्हीवर दिसेन. "देवाला सांगा ना आजोबा, त्यांनी मला घ्यावं म्हणून."

मी हो म्हटलं. माझी खेळी चुकली. सहाला पाच लावला. त्यानं पाहिलं, तरी आपली सोंगटी लावली.

१८ जुलै

त्याला जायचंय! मी आठवडाभर त्याच्यासाठी जीव जाळतोय आणि त्याला जायचंय. मग मी कुणासाठी जाळतोय?

बर्निसला विचारलं. ती म्हणाली, "स्वतःसाठी. भांडी पूस."

२१ जुलै, गुरुवार

स्टीमर्स पुन्हा हरले. पाचव्यानं पंगत वाढली. चार सामने मागे. फ्लॉइडचा फोन — "अजून एक आठवडा असाच गेला तर टेग आणून उपयोग नाही! तुझ्या पोराला सांग, लवकर जा!" जणू पोरगाच बसलाय अडून.

२३ जुलै

काही नाही. उकाडा.

२७ जुलै, बुधवार

आज ओडानिसची पाळी होती. आम्ही दोघं मैदानावर वेळेआधी जाऊन बसलो, नेहमीच्या जागी, फळीवर उशा टाकून. बघतो तर चेंडू फेकायच्या उंचवट्यावर भलताच पोरगा उभा.

अदलाबदलीच्या दिवसांत याचा अर्थ एकच. ज्याला द्यायचाय त्याला खेळवत नाहीत — विकायच्या गाईला कुणी चिखलातून नेत नाही. आमच्या बाकावर सगळ्यांना कळलं. मर्लनं टोपी काढली. ओडानिस मात्र कठड्याशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्याला वाटत असेल, आराम दिलाय.

तिसऱ्या डावात प्रशिक्षक आला, त्याच्या कानाशी बोलला. ओडानिस उठला. मग एकेक पोरगा येऊन त्याला मिठी मारायला लागला. त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरनं तर उचललाच. ते बघून लोक उभे राहिले, टाळ्या. सगळं मैदान उभं! आणि हा वेडा मागे वळून बघतोय, कुणासाठी वाजवताहेत म्हणून.

मीही उभा राहिलो. टाळ्या वाजवायच्या होत्या. बर्निसनं माझा एक हात धरून ठेवला होता, एका हातानं वाजत नाही.

२८ जुलै, गुरुवार

गेला. सकाळच्या विमानानं. खोली झाडून, अंथरूण काढून, चादरी घडी करून गेला. बर्निसनं डबा दिला, विमानात भात सांडणार म्हणून भांडली त्याच्याशी. तिला मिठी मारली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. मला म्हणाला, "आजोबा, सप्टेंबर. टीव्ही लावा." मी म्हटलं, मोठा घेऊ टीव्ही.

तिकडे आधी डॉक्टर तपासणार, मग सह्या, मग नवा शर्ट. रीतच आहे. घोडा घेताना दात बघतातच.

२९ जुलै

डायनरमध्ये फ्लॉइडनं सगळ्यांना चेरीचा गोड 'पाय' खाऊ घातला. टेग आल्यासारखाच नाचत होता. माझ्यापुढे मोठा तुकडा ठेवला. "तुझ्या घरातून गेलंय, म्हणून तुला पहिला मान." कोपऱ्यातून मर्ल म्हणाला, "आता सह्या तरी होऊ दे." कुणी ऐकलं नाही.

चव चांगली होती. दोन घास खाल्ले.

३० जुलै, शनिवार

सह्या नाहीत. रेडिओवर "थोडा विलंब" एवढंच. ओडानिसचा फोन लागत नाही. फ्लॉइड तीनदा फोन करून विचारतोय, "काय केलंन तुझ्या पोरानं तिथे? विमान चुकलं का?" मला काय माहीत! मी इथे नदीकाठी बसलोय, तो तिथे समुद्राकाठी! बर्निस म्हणते, मुकाट बस. बसवत नाही. परसातलं गवत कापलं. आधीच कापलेलं होतं.

३१ जुलै, रविवार

शेवटचा दिवस. दुपारी दार बंद होणार.

चर्चमधून आल्यापासून रेडिओला कान लावून बसलो होतो. दार बंद व्हायच्या थोडं आधी आलं — टेग स्टीमर्सकडे! झालं! पण पुढची नावं ऐकली आणि मी उभाच राहिलो. बदल्यात दोघे चाललेत — एक कॅचर आणि आणखी एक, मैदानाच्या कडेला चेंडू अडवणारा. ओडानिसचं नाव नाही. पुन्हा सांगितलं. नाही! ओडानिस आपल्याकडेच!

बर्निस! म्हणून ओरडलो, तर ती वाटीत पीठ घेऊन धावत आली, तिला वाटलं पडलो.

टेगही आला आणि पोरगाही राहिला! फ्लॉइड फोनवर म्हणाला, "अरे एल्डन, तुझी पाचही बोटं तुपात!" मर्लसुद्धा खूश. आता म्हणे चढावरही चालेल. मी पहिल्यांदा या महिन्यात पोटभर जेवलो. पोराला वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण वीस वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी जाईल. नाहीतर इथेच वर चढेल. मी आहे, ममी आहे.

उद्या दुपारच्या बसनं येतोय, संघाच्या कचेरीतून निरोप आला. चादरी पुन्हा घातल्या. बर्निस केक करतेय. मी बाहेरच्या खांबाला गावच्या संघाच्या झेंड्यांची माळ बांधली. शिडीवर चढलो! तिनं शिव्या दिल्या. देऊ देत.

१ ऑगस्ट, सोमवार

आला. उजवा हात गळ्यात अडकवलेला.

तिथल्या डॉक्टरांनी कोपराचा आतून फोटो काढला. हाडं बांधून ठेवणारा आतला दोर फाटलाय. कधीपासून, कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. म्हणून त्यांनी परत पाठवला. आता कापाकापी, मग दीड वर्ष चेंडूला हात नाही. नंतरचं कुणी सांगत नाही.

झेंड्यांच्या माळेखाली उभा राहिला आणि विचारलं, "आजोबा, आज काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही. मागे वळून बघितलं तर बर्निस टेबलावरचा केक उचलून आत नेत होती.