कचऱ्याचा डोंगर झाकताना

प्रिय कानिशाय वहिनी,

मॉस्कोतला बर्फ वितळला का? गेल्या महिन्यात तू फोनवर कुबातबद्दल सांगितलंस आणि मी नुसती हं हं करत राहिले. रागावली असशील. आई शेजारीच लोकर विंचरत बसली होती, आणि तिच्या लेखी तुझा नवरा अजून कझाकस्तानात कामाला आहे. तिच्यासमोर मी काय बोलणार होते? इतका चांगला माणूस तुला मागणी घालतो आणि तू ‘सासूबाई हो म्हणेपर्यंत नाही’ म्हणून अडून बसलेली. मला तुम्हा दोघींचाही राग येतो, आणि दोघींसाठी जीवही तुटतो.

इकडे कचऱ्याच्या डोंगरावर एक कंपनी आली आहे. मला तिथे नळ्या तपासायचं काम मिळालंय. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू ओढून घ्यायचा, त्यावर वीज करायची, आणि तो हवेत जाऊ दिला नाही म्हणून कार्बन क्रेडिट मिळवून परदेशात विकायचे. गावात कुणाचा विश्वासच बसेना. म्हातारा ओस्कोन तर म्हणाला, “वायू सुटू दिला नाही तर पैसे मिळतात होय? मग मी रोज घोडीच्या दुधाचं आंबलेलं कुमीस पितो, लावा माझ्याही पोटाला नळी!” पण नियम फार कडक आहेत, वहिनी. मोजणीयंत्रातून जाऊन जळाला तेवढाच वायू धरतात. डोंगर मातीने झाकायचा आणि मग तो कुणी उकरायचा नाही, कारण आत हवा शिरली की वायू बिघडतो, आगही भडकते. हे ऐकलं आणि मला दादाच आठवला.

आठ वर्षांपूर्वी वसंतात या डोंगराचा कडा कोसळला तेव्हा एर्मेकदादा तांब्याच्या तारा शोधायला त्याच बाजूला गेला होता. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. आतून धूर यायला लागला म्हणून खोदणं थांबवलं, आणि आईने ठरवून टाकलं की तो तिथे नव्हताच. आठ वर्षं तिने त्याच्या नावाने गुरुवारी तेलात कणकेचे बोरसोक तळले नाहीत. “तो वास मेलेल्यांसाठी असतो, माझ्या पोराला कशाला?” असं म्हणायची. तुलाही विधवेचं काळं घालू दिलं नाही. आता डोंगर बंद झाला की दादाला बाहेर काढायची आशा कायमची संपणार, आणि आई मात्र दाराकडे डोळे लावून बसणार, तुलाही बसवून ठेवणार, असं मला वाटलं.

प्रकल्पाच्या नोंदणीआधी गावाची सभा घ्यावी लागते, हाही नियमच. प्रत्येक हरकत कारणासकट लिहून घ्यायची आणि तिला उत्तर द्यायचं. शाळेत सभा भरली. आई काठी टेकत उठली. “माझी हरकत आहे. डोंगर झाकायचा नाही.” लिहून घेणाऱ्या मुलीने मायेने विचारलं, “का हो आजी? कारण लिहावं लागतं.” आईने काठी या हातातून त्या हातात घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, “बसा हो बुरुल आजी, उशीर होतोय.” तशी ती वळून खेकसली, “तूच बस! तुझं कोण आहे रे आत?” आणि स्वतःचेच शब्द ऐकून थबकली. मी उठून तिचा हात धरला. ती त्या मुलीकडे वळून म्हणाली, “लिही बाळ. माझा एर्मेक आत आहे. त्याला काढा, मग झाका.”

इंजिनियर प्रामाणिक निघाला. आत अजून धुमसतंय, माणसं उतरवली तर तीही जातील, असं त्याने सरळ सांगितलं. आईने विचारलं, “झाकल्यावर वरून कचरा टाकणार?” “नाही, आजी.” “पुढेमागे कुणी उकरणार?” “नाही. तसा नियमच आहे. वर गवत लावणार.” “आणि कुत्री?” “कुंपण घालू.” तिने मान हलवली. मग म्हणाली, “आठ वर्षं माझ्या लेकराच्या अंगावर रोज गाड्या रिकाम्या होतायत. झाका. लवकर झाका.” वहिनी, मी ढसाढसा रडले. ओस्कोनसुद्धा टोपीने डोळे पुसत होता.

गेल्या गुरुवारी आईने बोरसोक तळले. मुल्लांनी दादाच्या नावाने कुराण पढलं. माणसं उठून गेल्यावर तिने मला कागद घ्यायला लावला. हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहितेय. सोबत पांढरा रुमाल आहे, तिने स्वतः बाजारात जाऊन आणलेला. वर्ष सरलं की सासरच्यांनी विधवेचं काळं उतरवून डोक्याला पांढरा बांधायचा आणि तिला मोकळं करायचं, ते आपण केलंच नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: “तिला काळंच घालू दिलं नाही, आता उतरवू काय? सांग तिला, रुमाल बांध आणि त्या कुबातला हो म्हण. तू फोनवर हं हं करत होतीस तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं. आणि त्याच्या आईला म्हणावं, बोलणी तिकडे परस्पर उरकू नका. मुलीकडची माणसं इथे आहेत. बोलायला मी बसणार.”

तुझीच, आणि यापुढेही नणंदच,
साइकाल