चारही चाकं झाली

तीर्थस्वरूप नाना यांना जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार. (एरवी हे शब्द लिहायचे म्हणून लिहितो. या वेळी साष्टांग खरोखरच घातला, हमरस्त्याच्या कडेला, तुमच्या ट्रेलरच्या पोटाखाली, आठही अंगं मातीला लावून.) इकडे सगळे खुशाल. आईंचा खोकला गेला का? तुमचा गुडघा कसा आहे? गुडघ्याची चौकशी वरवरची समजू नका, कारण पुढचं सगळं त्या गुडघ्यामुळे घडलं. म्हणजे माझ्यामुळेच घडलं, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

तुम्हाला आता उकिडवं बसता येत नाही, म्हणून यंदा तुम्ही तो गाडीमागे ओढायचा ट्रेलर आमच्या अंगणात आणून उभा केलात आणि जेवणानंतर ती निळी वही माझ्या हातात ठेवलीत. बावीस वर्षं, दर वर्षी, चारही चाकांची बेअरिंगं काढून, धुऊन, नवं ग्रीस भरून तुम्ही त्यात तारीख घातली आहे. त्या चाकांना तुम्ही कधी गॅरेजवाल्याचा हात लागू दिला नाहीत. ‘आता हे तुमच्याकडे, जावईबापू,’ म्हणालात. माझी छाती फुगली. (तुमची लेक ताटं उचलत होती. तिने ती जरा जास्तच आपटली. तिचं ताटं आपटणं काय असतं हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही असायला हवं होतं.)

पहिलं चाक मी इमानेइतबारे उघडलं. चाकाच्या मधली टोपी काढली, पिन काढली, नट काढला, बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, तळहातावर ग्रीस घेऊन तुम्ही दाखवलं होतं तसं ते आत दाबत बसलो. सकाळची दुपार झाली. ग्रीस चष्म्याला लागलं, दाराच्या कडीला लागलं, शेजाऱ्यांच्या मांजरालाही लागलं. शेवटी नट. आधी आवळा, मग सैल सोडा, मग नुसत्या बोटांनी फिरेल तेवढाच फिरवा आणि पिन घाला, हे तुम्ही तीनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, एकदा आवळलेला नट पुन्हा सैल कशाला सोडायचा? आणि पान्यावर चक्क उभा राहिलो.

जेवून जरा पाठ टेकली. उठलो तर तीन चाकं तशीच. तेव्हा मी जे केलं ते लिहिताना कान तापतायत. फडकं घेतलं आणि त्या तिघांच्या टोप्या पुसल्या. नुसत्या पुसल्या, आरशासारख्या. मग वहीत तुमच्या अक्षराखाली लिहिलं, ‘चारही चाकं झाली’, आणि खाली झोकदार सही केली. नाना, मी शाळेत शिकवतो. न केलेला गृहपाठ केला म्हणून सांगणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सुटीत तळ्याकडे निघालो. मागून किरकिर यायला लागली तेव्हा मी गाण्यांचा आवाज वाढवला. पेट्रोल पंपावर तुमची लेक उतरली आणि मुलांचा ताप बघते तशी एकेका चाकाच्या टोपीला हात लावत फिरली. तीन थंडगार. चौथ्यावरून तिने हात झटकन मागे घेतला. आणि ते चाक कुठलं असेल? मी उघडलेलं. ज्यांना मी हातही लावला नाही ती तिन्ही तुमच्या गेल्या वर्षीच्या ग्रीसवर सुखाने चालली होती.

ट्रेलर कडेला घेऊन मी खाली शिरलो (साष्टांग तो हाच). पण बघून मला काय कळणार? पंपावरच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी जळून निळं पडलेलं बेअरिंग बाहेर काढलं, मग शेजारच्या चाकाची टोपी उघडून आत पाहिलं आणि विचारलं, ‘हे कोणी भरलंय?’ म्हटलं, सासऱ्यांनी. ‘हात आहे माणसाला. आणि हे जळालेलं?’

नाना, तुमची लेक माझ्या शेजारी उभी होती आणि तिच्यासमोर मी म्हणालो, ‘एका गॅरेजवाल्याने.’

मिस्त्रींनी नवं बेअरिंग बसवलं आणि ते जळालेलं कागदात बांधून दिलं. म्हणाले, त्या गॅरेजवाल्याच्या टेबलावर ठेवा. ते आता माझ्या टेबलावर आहे. मला लाज वाटते. नट जास्त आवळला याची थोडी, सहीची फार.

सोमवारी तुम्ही आणि आई हाच ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघताय. निघताना तुम्ही वही उघडून बघता, चाकं बघत नाही. म्हणून हे पत्र वहीतच, त्या पानावर ठेवून वही रविवारच्या आधीच पाठवतो आहे. तीन चाकं झालेली नाहीत. निघू नका.

तुमचा (अजून म्हणवत असेल तर)
जावई

ता. क. मांजर बरं आहे.

ता. क. दुसरा. खरं मागणं हे, की वही काढून घेऊ नका. रविवारी मी ट्रेलर घेऊन येतो. तुम्ही स्टुलावर बसा, हवं तेवढं ओरडा, मी तुमच्यासमोर तिन्ही उघडतो.

ता. क. तिसरा, लेकीच्या हातचा. नाना, रविवारी ओरडायला काही उरलेलं नाही. हे शाळेत असताना काल मी तिन्ही चाकं उघडली. चौथंही पाहिलं, मिस्त्रींनी नीट बसवलंय. सोमवारी खुशाल निघा. मी बारा वर्षांची असताना आपल्या अंगणात हे काम तुम्हीच मला शिकवलं होतंत. माझा हात लहान म्हणून ग्रीस दोनदा घ्यायला लावायचात. यंदा वही देताना मी समोरच ताटं उचलत होते. पुढच्या पानावर तारीख घातली आहे, खाली सही माझी आहे. या पत्राच्या पहिल्या तीन प्रती यांनी फाडून टाकल्या होत्या, ग्रीसचे हात पुसायला मी त्याच वापरल्या.