निळा ठिपका

सोमवार, ६ जानेवारी

घड्याळ आलं! वेळ बघायचं नव्हे — माणूस बघायचं. हिरवा पट्टा, वर बेडकाचं तोंड. सूनबाईने ते नातीच्या मनगटावर बांधलं आणि मला आपला फोन दाखवला. नकाशात आमची इमारत, इमारतीभोवती एक वर्तुळ, वर्तुळात निळा ठिपका.

"हा ठिपका म्हणजे आपली भिंगरी, आई. वर्तुळाबाहेर गेली की माझा फोन वाजणार."

ठिपका! नऊ वर्षांची धडधाकट पोर, आणि तिचा झाला ठिपका.

मी म्हटलं, लोक मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघतात, तुम्ही पिल्लाच्याच गळ्यात बांधलीत. चिरंजीव हसले. सूनबाई हसली नाही. ती ऑफिसात बसून इथली पोर सांभाळणार! यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. आणि दुपारभर मी घरात ढिम्म बसलेली असते ती काय शोभेला? जन्मभर शाळेत पीटी शिकवली. पोरांना दोरावर चढवलं, भिंतीवरून उड्या मारायला लावल्या. एकही हरवलं नाही.

तिच्या वयाची असताना मी खाणीतल्या पाण्यात पोहायचे. पत्र्यांवरून पळायचे. शेजाऱ्यांच्या झाडावरची कच्ची फळं चोरून मीठ लावून खायचे. दिवेलागणीला घरी. कुठे होतीस म्हणून कोणी विचारायचं नाही. गुडघ्याला कातडी अशी कधी टिकलीच नाही माझ्या! आणि हिचे गुडघे बघा — दुकानातून आजच आणल्यासारखे.

बुधवार, ८ जानेवारी

भिंगरी घड्याळ चार्ज करायला विसरली. सूनबाईचा फोन — "आई, ठिपका गेला!"

अगं, ठिपका गेला असेल. पोर इथेच आहे. माझ्यासमोर बसून पाव खातेय.

शुक्रवार, १० जानेवारी

इमारतीखाली मुलांसाठी खेळायची जागा केली आहे. जमीन रबराची. घसरगुंडी इतकी बुटकी की पोर वर बसलं की पाय खाली टेकतात. आणि वर पाटी — "येथे पळू नये." खेळायच्या जागेत! मग तिथे काय ध्यानाला बसायचं?

रखवालदाराला विचारलं, कोणाच्या डोक्यातून निघालं हे? म्हणाला, "बाई, मागे एका मुलाचा दात पडला ना."

"दुधाचा?"

"हो, दुधाचाच."

"मग तो पडणारच होता!"

खरं मैदान दोन रस्ते ओलांडून. धूळ, आरडाओरडा, एक लोखंडी दांडी, एक पडकी भिंत. आमच्या गच्चीतून अर्धं दिसतं. संध्याकाळी भिंगरी जाळीला नाक लावून बघत उभी राहते. आज म्हणाली, "आजी, त्या भिंतीवरून उडी मारली की पोटात कसं होतं गं?"

ते काय मी सांगायचं? ज्याच्या पोटात व्हायचं त्यालाच कळायचं ते.

ठरलं. ही पोर त्या मैदानावर जाणार. एकटी. सूनबाईच्या उरावर बसून मी हे करून दाखवणार!

रविवार, १२ जानेवारी

अक्काला फोन केला. माझी सख्खी बहीण, चार वर्षांनी मोठी. घड्याळाचं सगळं सांगितलं. वाटलं होतं तीही पेटून उठेल. ती हसायलाच लागली.

"छोटे, तू मोकाट होतीस गं. तुझं बरोबर आहे."

"म्हणजे? तू नव्हतीस?"

"मी तुझ्या मागे असायचे. तुझ्या चपला हातात घेऊन. तू कुठेही काढून टाकायचीस आणि पळायचीस. खाणीवर, पत्र्यांवर — सगळीकडे मागे मीच. आईने सांगितलेलं, धाकटीला काही झालं तर तुझी चामडी लोळवीन."

"मला तर तू कधी दिसली नाहीस."

"तू मागे वळून बघितलंस कधी?"

अक्काला कुठेही आपलं घोडं पुढे दामटायची सवय! विषय घड्याळाचा, ही आपली चपलांवर. "भाजी करपतेय" म्हणून फोन ठेवून दिला. भाजी चढवलीसुद्धा नव्हती.

बुधवार, १५ जानेवारी

शिकवणी सुरू. शाळेतून आली की घड्याळ सोफ्यावर, आम्ही दोघी रस्त्यावर. ठिपका घरात गुपचूप बसलेला असतो — गुणी ठिपका!

"डोळे आधी, पाय नंतर. कानही उघडे ठेव. गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघ. तो तुझ्याकडे बघत नसेल तर तू रस्त्यावर नाहीसच असं समज."

पहिल्यांदा हात इतका घट्ट धरला की माझ्या बोटांना रग लागली. मग एक बोट. मग नुसती बाही. आज बाहीही सोडली.

गुरुवार, १६ जानेवारी

माझी शाळेतली शिट्टी सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी फ्रिजमध्ये! दह्याच्या शेजारी, गारेगार. भिंगरीचाच उद्योग असणार. ती शपथेवर नाही म्हणाली. पोरं बोलायला लागली की खोटंही बोलायला लागतात, चालायचंच.

मंगळवार, २१ जानेवारी

गेली! एकटी गेली!

मी गच्चीत, जाळीला नाक लावून. पहिला रस्ता — थांबली, बघितलं, ओलांडला. दुसरा कोपऱ्याआड, दिसत नाही. माझा जीव खालीवर. देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू? मग मैदानाच्या अर्ध्या तुकड्यात तिचा पिवळा फ्रॉक दिसला आणि मी एकटीच टाळ्या पिटत सुटले. शेजारीण गच्चीत आली. "काय झालं?" म्हटलं, "डास."

सांगितलेल्या वेळेला परत. केसांत माती, फ्रॉकचा काठ उसवलेला आणि डावा गुडघा — सोलला! शेवटी एकदाचा सोलला!

"आजी, मारली उडी! दोनदा! पोटात असं — असं — " सांगताच येईना तिला. तोंड नुसतं फुललेलं. गुडघा धुताना एकदाही कुरकुरली नाही. वर विचारते, "डाग राहील ना?"

राहील हो माझ्या वाघिणी. जन्मभर मिरव.

बुधवार, २२ जानेवारी

पकडले गेलो. आंघोळीच्या वेळी सूनबाईने गुडघा बघितला. भिंगरी आधी म्हणाली दार लागलं, मग रडत सगळं ओकली. सोफ्यावरच्या घड्याळासकट.

मग जे झालं ते झालं. मी म्हटलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलंत तर पोर फोडासारखीच होईल, टाचणी लागली की फुटणारी. ती म्हणाली, "तुमचा काळ वेगळा होता, आई." मी म्हटलं, काळ नाही, काळजं वेगळी होती. चिरंजीव "अगं", "अगं आई" करत मध्ये लोंबकळत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"मी विम्याच्या ऑफिसात दिवसभर हेच वाचते, आई. कोण कुठे कसं पडलं. कोणाचं मूल रस्त्यावर कसं — तुम्ही नका हसू. वाचून घरी येते आणि आधी ही श्वास घेतेय का बघते."

मी हसत नव्हते. पण तसं तोंडाने म्हटलंही नाही.

निकाल — पुन्हा असं झालं तर भिंगरी शाळेनंतर पाळणाघरात. म्हणजे माझी दुपार गेली. तिची पाव खाताना चाललेली बडबड गेली. उरलेल्या आयुष्यात मला दुसरं आहे काय? पण म्हणून शेपूट घालीन? हट्!

शनिवार, २५ जानेवारी

चोरून नाही, आता उघड! सकाळी चहाच्या वेळी सूनबाईला म्हटलं, परीक्षा घे. तू मागे चाल, लांबून. एक चूक झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

गेल्या दोघी. मी आणि चिरंजीव गच्चीत. त्याला म्हटलं, तू सात वर्षांचा असताना एकटा दूध आणायचास, आठवतं? म्हणाला, "आठवतं. रोज थोडं सांडायचं. आणि तू रोज म्हणायचीस, उरलेलं कोणी आणलं? तूच ना?" मग एकदम बायकोच्या पाठीकडे बघत बसला.

सूनबाई परत आली ती डोळे पुसत. "माझ्यापेक्षा नीट ओलांडते हो रस्ता." फोन काढला आणि वर्तुळ मोठं केलं, मैदानापर्यंत. घड्याळ मात्र मनगटावर हवं. बरं बाई, ठेव बेडूक! निम्मी लढाई जिंकली.

गुरुवार, ३० जानेवारी

उजव्या गुडघ्यालाही डाग! आणि लोखंडी दांडीवरून उलटं लटकता येतं. रात्री जेवताना सूनबाईने स्वतःहून विचारलं, "उलटं लटकल्यावर कसं दिसतं गं?"

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिहू की नको? लिहिते. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

संध्याकाळी मैदानाकडे निघाले. भिंगरीवर नजर ठेवायला नव्हे, नुसतं भिंतीवरची उडी बघायला. लाँड्रीच्या बाजूने वळले. आणि मग — रस्ता ओळखू येईना. दुकानं ओळखीची. औषधांचं, कुलपांचं. पण एकापुढे एक लावता येईनात. घर कुठल्या बाजूला? लग्न होऊन आले तेव्हापासून याच गल्ल्यांत फिरतेय मी! उभी राहिले. घाम फुटला. कुलूपवाला म्हणाला, "बसा जरा आजी." मला चीड आली. आजी कोणाला म्हणतो?

मग हातात एक हात आला. छोटा, धुळीने खरखरीत.

"आजी, घर इकडे आहे."

भिंतीवर चढली होती म्हणे, तिथून मी दिसले. मैदान सोडून भलत्याच गल्लीत शिरलेली. हाका मारल्या, मी थांबले नाही. रस्ते ओलांडून आली माझ्यामागे. दोन्ही बाजूंना बघून, हेही सांगितलंन.

"चष्मा घरी राहिला गं," मी म्हटलं. चष्मा खरंच घरी होता. पण चष्म्याने घराची दिशा थोडीच कळते?

"आईला सांगू?"

"नको."

ती बरं म्हणाली. वाटेत बोट सोडलं नाही तिने माझं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भिंगरी मैदानावर जात नाही. "कंटाळा आला," म्हणते. पाव खाऊन झाला की माझ्याजवळ बसते. मी चपला घातल्या की ती घालते. "कुठे चाललीस? परत कधी येशील?" अगदी आईचा सूर! मी ओरडले, जा ना खेळायला! ती नुसती मान हलवते.

आज ती अभ्यासाला बसलेली बघून सटकले. दूध आणायला, कोपऱ्यापर्यंतच. अर्ध्या वाटेत काय वाटलं कोण जाणे, मागे वळून बघितलं.

भिंगरी. खांबाआड, अंग चोरून. हातात माझा चष्मा.

नऊ वर्षांच्या पोरीच्या कपाळावर अशी आठी मी कधी बघितली नव्हती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अक्काला फोन केला.

"अक्का, तू कधी पोहलीस का गं त्या खाणीत?"

म्हणाली, "तुझे कपडे कोणी सांभाळले असते?"

आज भाजी खरंच करपली.

रविवार, ९ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर मनगट पुढे केलं. "सोड तिचं. मला बांध."

सूनबाईला काही कळेना. मग कुलपांच्या दुकानापासून फ्रिजमधल्या शिट्टीपर्यंत सगळं सांगितलं. चिरंजीव खाली बघत राहिले. सूनबाईने माझा हात हातात घेतला आणि पट्टा शेवटच्या भोकात बसवला. उद्या डॉक्टर. आणखी एक घड्याळ आणू म्हणत होती. मी म्हटलं, "एकच! या घरात एकच ठिपका राहील, आणि तो मी. वर्तुळ मोठं ठेव. लाँड्रीच्या पलीकडेसुद्धा जाणार आहे मी!"

भिंगरीला सांगितलं, आता मला शोधायचं काम बेडकाचं. तुझं नाही.

गच्चीतून बघत होते. पहिला रस्ता ओलांडला. मग पळत सुटली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. शाब्बास!