तुमच्या संघाचा गोलकीपर निवृत्त झाला आहे

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे नमस्कार अर्ध्यावरच अडकला आहे, उरलेला मनाने पूर्ण करून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे, गोळ्या वेळेवर घेता की कपाटावर मांडून त्यांच्याकडे नुसतं बघता, जेवण घरी करता की डबा आणता, हे सगळं विचारायचं आहे. खरं तर फोनवरच विचारलं असतं, पण फोन तुम्ही उचलत नाही. इकडे सर्व ठीक. लेकीची परीक्षा पार पडली, तुमच्या मेहुणीचा रक्तदाब तिच्या रागाच्या मानाने फारच कमी निघाला, आणि मी अजून लिफ्टच दुरुस्त करतो आहे.

पत्राचं कारण अगदी कोरडं आहे. आपली लीग चालवणारे दंतवैद्य यांनी मला कळवायला सांगितलं आहे की महिनाअखेरपर्यंत तुमच्याकडून संघ आला नाही, तर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मी फक्त निरोप्या आहे. आग्रह करणं माझ्या स्वभावात नाही, आणि या लीगसाठी तर कोणत्या तोंडाने करू? परवा लेक तिच्या मैत्रिणीला सांगत होती की आमचे बाबा एका फुटबॉल लीगमध्ये आहेत, तिच्यात संघ नाहीत, खेळाडू नाहीत, मैदान नाही, बॉलसुद्धा नाही. कोण खेळणार ते बाबा कळवतात, दंतवैद्यांचा कॉम्प्युटर शनिवारी मॅच खेळून टाकतो, आणि बाबा रविवारी तोंड पाडून बसतात. मी खोलीबाहेर उभा राहून एखादी चूक शोधत होतो. सापडली नाही.

तर तुमच्या संघाची हकीकत. तुम्ही पाठवलेले शेवटचे अकरा जण अजून तसेच खेळताहेत. कोणी बदललंच नाही, तर कॉम्प्युटर बिचारा काय करणार? पण त्यात खेळाडूंची वयं मात्र वाढत जातात, हे तुम्हीच मला पहिल्यांदा समजावलं होतं. तुमचा तो बगळा (आठवतो ना, ज्याचे पाय इतके लांब की मध्ये गुडघा असल्याचा विसर पडावा?) आता धावत नाही, चालतो. गोलकीपर तर हंगाम संपल्यावर निवृत्तच झाला. त्याच्या जागी कोणाला उभं करायचं हे सांगायला मालक नाही, म्हणून कॉम्प्युटरने बगळ्यालाच गोलमध्ये उभं केलं. दोघा-तिघांनी तुमच्यावर हसून घेतलं. मीही हसलो असतो, पण मागच्या शनिवारी तुमच्या त्या उरलेल्या दहा अनाथांनी आम्हाला दोन गोलांनी हरवलं. बगळ्याने एकही गोल होऊ दिला नाही. मी आठवडाभर आखणी केली होती, तीन खेळाडूंना विश्रांती दिली होती, आणि समोर कोणी नव्हतंच! घरात बोलायची सोय उरली नाही.

तुम्ही एकदा विचारलं होतं की या खोट्या गोष्टीत माणसाचं मन इतकी वर्षं लागतं कसं. तेव्हा मी थातुरमातुर उत्तर दिलं. हल्ली त्यावर बराच विचार करतो. (लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकलेली नसतील, तर मोटर रूममध्ये विचाराला भरपूर वाव असतो.) नवीन लोक येतात ते कसे तावातावाने येतात पाहा. आल्या आल्या अर्धा संघ बदलतात, मोठमोठ्या योजना कळवतात, चार मॅच हरतात आणि नाहीसे होतात. जिंकणारे तर त्यांच्याहून लवकर कंटाळतात. जो मागच्या हंगामात विजेता झाला, तो आता दंतवैद्यांकडे दात दाखवायलासुद्धा येत नाही म्हणे. म्हणजे हरण्याने मन उडतं तसं जिंकण्यानेही उडतं. मग टिकतं ते कशाने?

उत्तर मला आमच्या सुपरवायझरसाहेबांनी दिलं, तेही नकळत. झालं असं की आमच्या संघातल्या डावखुऱ्या पोराचा गुडघा गेला. सगळ्यात लहान, मीच वाढवलेला, आणि त्याच शनिवारी पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळलेला. सोमवारी माझं कामात लक्ष नव्हतं. लिफ्टचा दरवाजा बसवला तो उलटा. साहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खरं सांगायची लाज वाटली आणि मी पुटपुटलो की घरात एकाचा गुडघा गेलाय. बस. संध्याकाळी साहेब फळांची पिशवी घेऊन आमच्या दारात हजर. मी अजून कामावर. दार तुमच्या मेहुणीने उघडलं. तिला क्षणभर कळेना, पण मग तिने फळं आत घेतली आणि पेशंट व्यायामाला गेलाय म्हणून शांतपणे सांगितलं. (मी घरी आलो तेव्हा पेशंटची सफरचंदं ती आणि लेक खात बसल्या होत्या. मला अर्धं मिळालं.)

त्यानंतर साहेब रोज विचारू लागले. सूज उतरली का, पायऱ्या चढतो का, मन खंबीर आहे ना पोराचं? मी दंतवैद्यांकडून आलेली बातमी जशीच्या तशी सांगायचो. आणि साडूभाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो, तो पोरगा मला एवढा खरा कधीच वाटला नव्हता. साहेब येताना दिसले की मी मनात बातमी जुळवायला लागायचो. शेवटी मला सोसवेना, आणि एका इमारतीच्या गच्चीवर मी सगळं कबूल केलं. आता नोकरी जाते या तयारीने उभा होतो. साहेबांनी हाताचं ग्रीस पुसलं. मग म्हणाले, "ते राहू दे. शनिवारी खेळतोय का तो?"

मला वाटतं मन लागतं ते असं. पुढे काय झालं, असं कोणीतरी विचारणारं लागतं. माझ्या बाबतीत ते तुम्ही होतात. रविवारी सकाळी तुमचा फोन यायचा, मी दाढीचा साबण तसाच ठेवून उचलायचो, आणि तुम्ही माझ्या संघाची अशी काही सालटी काढायचा की पुढचा आठवडाभर मला हुरूप असायचा. ताई गेल्या आणि तो फोन थांबला. मी समजू शकतो. पण एक गोष्ट मला अजून कळलेली नाही, ती विचारून टाकतो. आपण साडू झालो ते दोन बहिणींमुळे. त्यातल्या थोरल्या गेल्या. मग आता आपण एकमेकांचे कोण? तुमच्या दारात कोणत्या नात्याने यावं, हे न कळून मी दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलो. लीगमध्ये निदान वेळापत्रक होतं, हंगामातून दोनदा आपली गाठ ठरलेली होती. तुमची जागा दुसऱ्याला गेली तर तेवढंही राहणार नाही, आणि मला ते नको आहे.

असो. पाय मोकळे करायला बाहेर पडत जा. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
धाकटा साडू (निरोप्या)

ता.क. दंतवैद्यांनी मला काहीही कळवायला सांगितलेलं नाही. ते तुमची जागा केव्हाच देऊन मोकळे झाले असते. मीच दर महिन्याला त्यांच्याकडे जाऊन मुदत मागून आणतो, आणि दरवेळी नुसतं बसायचं कसं म्हणून एक दात दाखवतो. माझे दाखवण्यासारखे दात संपत आले आहेत.

आणखी ता.क. तुमच्या जागेवर सुपरवायझरसाहेबांचा डोळा आहे. माणूस चांगला आहे, पण तो माझ्या संघाची स्तुती करतो. त्याच्याशी कसं खेळायचं?

शेवटचं ता.क. पाकीट बंद करताना तुमच्या मेहुणीने पत्र मागून घेतलं आणि सगळं वाचलं. मग जे म्हणाली ते मलाही आज पहिल्यांदा कळलं (शनिवारी ती माझ्या मॅचची एवढी चौकशी का करायची, तेही), तिच्याच शब्दांत देतो. "भावोजींना लिहा, ताईला फुटबॉलमधलं काडीचं कळत नव्हतं. दर शनिवारी मला फोन करायची, म्हणायची, तुझ्या नवऱ्याला विचारून सांग, आज जेवताना यांना नेमकं काय विचारू म्हणजे हे बोलायला लागतील. आता ते विचारायचं काम मी करीन. तेवढा फोन उचला म्हणावं."