आकडा हलत नव्हता

सान्ता फिलोमेना, कागायान
१४ नोव्हेंबर २०१७

आदरणीय मनांग रोसेन्दा यांना,

तुम्हाला मनांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणणाऱ्या धाकट्या भावासारख्या डेल्फिनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? आम्ही सगळे ठीक. आईनं तुमच्यासाठी सुके मासे बांधून ठेवलेत. ऑफिसमागचा शेवगा वादळात पडला. पूर-कक्षातल्या तुमच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही.

आधीची तीन पत्रं न उघडताच परत आली, म्हणून हे तुमच्या बहिणीच्या हाती देतोय. निदान अर्धं तरी वाचा.

जुना संगणक मोडल्यावर नदीची पातळी मोजणारी प्रणाली मी नव्या सर्व्हरच्या आत, आभासी यंत्र, म्हणजे संगणकातला संगणक, करून बसवली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आतलं यंत्र पाहुणा, बाहेरचा सर्व्हर यजमान. पाहुण्यानं दर दहा सेकंदांनी यजमानाला ‘मी चालू आहे’ असं कळवायचं. कळवलं नाही, तर यजमान घंटा वाजवून त्याला पुन्हा सुरू करणार. पण पाहुणा जुना, त्याचे निरोप मधेच चुकायचे आणि घंटा उगाच वाजायची. मग बाल्तासार साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, “काय डेल्फिन, तुझा पाहुणा पुन्हा झोपला वाटतं?”

गेल्या वर्षीच्या पुराच्या आधीच्या गुरुवारी मी यजमानाची ती राखणच बंद केली. दुरुस्त करून पुन्हा लावीन म्हणालो आणि लावली नाही. कुणाला सांगितलंही नाही.

रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पाहुण्याचा शेवटचा निरोप आला. त्यानंतर तो गोठला आणि पडद्यावर आठ पूर्णांक चार मीटर तसंच राहिलं. पाणी नऊ मीटरला पोचलं की भोंगा वाजायचा होता.

मनांग, हे लिहायला मला वर्ष लागलं. तुम्ही वळून म्हणाला होतात, “डेल्फिन, अर्धा तास झाला, आकडा हलत नाही. हातानं भोंगा वाजवू का?” आणि मी मान वर न करता म्हणालो, “हलत नाही म्हणजे पाणी चढत नाही, मनांग. उगाच लोकांना पळवू नका.”

त्यानंतर तुमच्या मामांचा, फाउस्तोंचा फोन आला. तुम्ही त्यांना सांगितलंत, भोंगा वाजला की निघा, तोवर जेवून घ्या. मी ऐकत होतो.

ते जेवणावरून उठलेच नाहीत.

यजमानाची नोंद मी त्याच संध्याकाळी पाहिली. म्हणजे चौकशीच्या वेळी मला सगळं माहीत होतं. समितीनं मला विचारलं, रोसेन्दानं तुम्हाला काही विचारलं होतं का? मी म्हणालो, नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ठपका तुमच्यावर आला, नोकरीही तुमचीच गेली. तुम्ही ओरडला असतात तर माझ्याकडून खरं निघालं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खोटंच. नसतं निघालं.

आज सकाळी मी ती नोंद आणि लेखी कबुली साहेबांपुढे ठेवली. ते म्हणाले, तुझी नोकरी जाईल आणि तिची परत मिळायची नाही. मी म्हणालो, जाऊ दे. मग त्यांनी सांगितलं, प्रकरण मिटलंय. जिच्यावर ठपका ठेवला तिनंच अर्ज केला तर उघडेल, आणि तोही शुक्रवारपर्यंत. मी राजधानीतल्या कार्यालयातही फोन केला. तेच उत्तर.

अर्ज भरून सोबत जोडलाय. फक्त सही तुमची हवी. माफी मागत नाही, ती मागायला तोंड नाही. पण गावात अजून लोक म्हणतात की तिनं आपल्याच मामाला बुडवलं. ते मला ऐकवत नाही, आणि नुसत्या माझ्या सांगण्यानं कुणी गप्प बसत नाही. मनांग, पाया पडतो, सही करा. मला शिव्या द्या, पण सही करा.

शुक्रवारी सकाळी मी तुमच्या फाटकाबाहेर उभा राहीन. आत येणार नाही. कागद बहिणीकडून बाहेर पाठवा.

‘तुमचा’ लिहायचा हक्क राहिलेला नाही, म्हणून नुसता,
डेल्फिन